आपल्या माणसाबरोबर बसायचं नाही

बाईंच्या गळ्यात शिट्टी असे. शाळेत कवायत शिकवली ती चौतीस वर्षं होतीच, पण निवृत्त झाल्यावरही ती काढून ठेवावी असं काही त्यांच्या मनात आलं नाही. भाजी आणायला जाताना शिट्टी, बँकेत शिट्टी. एकदा दातांच्या डॉक्टरांनी खुर्चीत आडवं केल्यावर अक्षरशः हात जोडले, "बाई, निदान एवढा वेळ तरी!" तेव्हा कुठे ती पर्समध्ये गेली. गावात त्यांना मागून शिट्टीबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई. दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

स्वभावाचं विचारू नका. राग नाकाच्या शेंड्यावर. रांग वाकडी दिसली की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं, मग ती पोरांची असो की दुकानातल्या बरण्यांची. पण मनात काही ठेवायच्या नाहीत. तोंड फाटकं, मन साफ, असं एक माणूस प्रत्येक गल्लीत असतं ना, तसंच.

त्यांच्या निरोपसमारंभाला हार झाले, भाषणं झाली, आणि शेवटी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तिचा एक पाय लहानपणापासून आखूड. आता ती दवाखान्यात नर्स होती, चांगली हसरी, तोंडाची चुणचुणीत. बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "ओळखलंत का बाई? मी पाच वर्षं तुमच्या तासाला चपला राखल्या."

तिनं ते कौतुकानंच सांगितलं होतं. चेष्टेत म्हणा. पण बाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. खरंच की. बाकीची पोरं मैदानात धावायची आणि ही कडेला बसून सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायची. तिला तिथं बसवली कुणी? बाईंनीच. पहिल्या दिवशी बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "तू तिथं बस," आणि मग पाच वर्षं तिकडे मान वळवून बघितलं नाही.

तीन रात्री त्यांना झोप नाही. चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्यासमोर चहाचा कप आपटून म्हणाल्या, "अहो, नदीत उतरायला पाय लागतात का?"

नवरा गादीवाला. म्हणजे बसच्या, गाड्यांच्या, दवाखान्यातल्या खुर्च्यांच्या सीटा शिवायचा त्यांचा धंदा. बाजारामागच्या बोळात एक लांबट दुकान, त्यात फोमचे तुकडे छतापर्यंत, रेक्झिनचे गुंडाळे, आणि मधोमध हे, तोंडात दोन खिळे, हातात दाभण. बाई जितक्या तोफ, तितके हे थंड. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, गादीवाले पाठीवरून ओळखायचे. रस्त्यानं चालताना हळूच म्हणायचे, "तो बघ, ड्रायव्हर. डावीकडे झुकलाय. त्याच्या सीटचा डावा कोपरा बसला असणार."

त्यांनी चहा पुसला आणि शांतपणे विचारलं, "पाय नाही लागत. पाठ लागते. कोण बसणार आहे?"

असा होडीचा रविवार सुरू झाला, वर्षातून एकदा.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी संथ आहे, रुंद आहे, आणि धक्क्यापासून जुन्या पंपघरापर्यंत जाऊन परत यायला वीस मिनिटं लागतात. एवढीच फेरी. शर्यत नाही, पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. जन्मभर पोरांना नंबर देणाऱ्या बाईंनी हे ठरवलं, यावरच निम्मं गाव हसलं. बारा होड्या, प्रत्येकीत दोघं. मागच्यानं वल्हवत दिशाही सांभाळायची, पुढच्यानं नुसतं वल्हवायचं. ज्याला यायचंय त्यानं यावं: ज्याला दिसत नाही त्यानं, ज्याला ऐकू येत नाही त्यानं, चाकाच्या खुर्चीतल्यानं, ऐंशीच्या आजीनं, आणि ज्याला काहीच झालेलं नाही पण पाण्याची भीती वाटते त्यानंसुद्धा.

पण अशी माणसं शोधायची कुठे? ती रस्त्यावर थोडीच दिसतात. तिथं पोस्टमन कामी आला. देहानं दोन पोस्टमनांएवढा, आणि बोलायला लागला की तीन. त्याला घरनघर माहीत. कुठल्या दाराआडून "तिथंच ठेवा" असा आवाज येतो आणि माणूस कधीच दिसत नाही, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. टपालाबरोबर त्यानं बाईंचे फॉर्म वाटले. फॉर्मवर चौथा प्रश्न होता: बसायला काय लागेल? कुणी लिहिलं उशी, कुणी लिहिलं पट्टा, एकानं लिहिलं धीर.

उशी आणि पट्ट्याचं काम गादीवाल्यांचं. फॉर्म आला की ते टेप घेऊन त्या घरी जायचे, माणसाला भिंतीशी टेकवून बसवायचे, पाठीवर हात फिरवायचे, खडूनं खुणा करायचे आणि आठवडाभरात सीट तयार. मानेला आधार, कमरेला पट्टा, पाय सरकू नयेत म्हणून खाली कडा. कधीच ताठ न बसलेली माणसं त्या सीटवर ताठ बसली. धीराचं काम पोस्टमनकडे होतं, तो बडबडून माणसाला इतका हैराण करायचा की माणूस घाबरायचंच विसरायचा.

आता तो नियम. ज्यासाठी एवढी कथा.

पहिल्या वर्षी कुणी कुणाबरोबर बसावं याला काही धरबंध नव्हता. मग साहजिकच घरची माणसं घरच्यांबरोबर बसली. झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक तिशीचा माणूस, कुबड्यांवर चालणारा, आईबरोबर बसला. त्यानं दोन हात मारले नाहीत तोच आईनं मागून वल्हं काढून घेतलं. "दमशील रे राजा, तू बस नुसता." एका भावानं आपल्या आंधळ्या बहिणीला वल्ह्याला हातच लावू दिला नाही. एक नवरा-बायको तर नदीच्या मध्यावर असे भांडले की होडी गोल गोल फिरायला लागली आणि दोघं एकमेकांना म्हणतायत, "तुझ्यामुळे!"

बाई काठावरून बघत होत्या. त्यांचं डोकं सणकलं. घरी येऊन म्हणाल्या, "आपल्याच माणसांनी यांना अपंग करून ठेवलंय. परके परवडले!" आणि दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मवर ठळक अक्षरात छापलं: आपल्या माणसाबरोबर बसायचं नाही.

बोंबाबोंब झाली. पण बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जोड्या त्या स्वतः लावायच्या, वजन बघून, उंची बघून, आणि दोघंही तोंडाळ नाहीत ना हे बघून. आणि काय सांगावं, नियम बरोबर निघाला! झेरॉक्सवाला दुसऱ्या वर्षी एका रिक्षावाल्यापुढे बसला. रिक्षावाल्यानं काही लाड केले नाहीत. "ओढ की रे, मी एकटा काय हमाल आहे?" झेरॉक्सवाल्यानं अख्खी फेरी ओढली. दुसऱ्या दिवशी हात असे भरून आले की चमचा उचलेना, आणि तो गिऱ्हाइकांना तेच दाखवत सुटला. आंधळी बहीण एका शाळामास्तरांपुढे बसली आणि मास्तरांना म्हणाली, "तुमचं वल्हं उशिरा पडतंय, ऐकू येतं मला." तेव्हापासून त्या नियमाला कुणी बोट लावलं नाही. होडीचा रविवार चालला तो त्या नियमावर, असं बाई मानायच्या. खोटं नव्हतं ते.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही, बाईंच्याही नाही. इतक्या वर्षांत बाई आणि गादीवाले एकदाही होडीत बसले नाहीत. बाई काठावर, यादी, घड्याळ आणि आरडाओरडा. गादीवाले धक्क्यावर गुडघे टेकून, कुणाचा पट्टा सैल कर, कुणाच्या पाठीमागे फोमचा तुकडा सार. नदी त्यांनी बघितली ती लोकांच्या पाठींच्या मधल्या फटीतून.

सहाव्या वर्षानंतर गादीवाल्यांच्या हातातून दाभण पडायला लागली.

आधी बाईंनी त्यांनाच झापलं. "लक्ष कुठे असतं तुमचं?" मग एका बसच्या सीटची शिवण वाकडी आली. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी बरीच तपासणी केली आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं: नसांचा आजार आहे, स्नायू हळूहळू मरत जातात. आधी हात, मग पाय, मग श्वास. औषध असं नाही.

औषध नाही हे शब्द बाईंना कळत नसत. जन्मभर त्यांनी एकच औषध दिलं होतं, व्यायाम. रोज सकाळी सहाला त्या नवऱ्यासमोर उभ्या राहायच्या. "हात वर. आणखी वर. हलवत राहा, हलवत राहिलं की राहतं." गादीवाले मुकाट्यानं हात वर करायचे. ते खांद्यापर्यंत यायचे, मग छातीपर्यंत. बाई मोठ्यानं आकडे मोजायच्या, कारण मोजणं थांबलं तर रडू येईल अशी त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही.

सातव्या वर्षी फॉर्म आले. जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बाई लाल पेननं खुणा करत होत्या. मधेच एक फॉर्म आला. अक्षर कोंबडीनं पाय नाचवावेत तसं. नाव वाचलं आणि त्यांनी मान वर केली. गादीवाले समोरच बसले होते, खिडकीतून बाहेर बघत, जसं काही त्या गावचेच नाहीत.

चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: पाठीला टेकू. आणि मागे माझी बायको.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"फॉर्म आहे. सगळ्यांना खुला आहे ना?"

"टेकू देईन. दुसरं नाही जमायचं."

"अगं, एकदाच. जरा फिरून येऊ दोघं."

"अहो, नियम तुम्हाला माहीत नाही? त्या झेरॉक्सवाल्याच्या आईला मी गेली पाच वर्षं नाही म्हणतेय. दर वर्षी रडते ती माझ्यासमोर. आता माझ्या घरचं आलं म्हणून हो म्हणू? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

"आणि मी मागे बसले तर तुम्ही हात हलवणार नाही. मी ओळखून आहे ना तुम्हाला. मीच सगळं ओढीन, आणि तुम्ही दिलंत सोडून. ते मला चालायचं नाही. तुम्ही स्वतः वल्हवायचं."

हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चढला होता. गादीवाले हसून, शाळेतल्या पोरासारखं म्हणाले, "बरं, बाई."

बाईंनी लाल पेननं दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. मागे पोस्टमन, असं लिहिलं. धिप्पाड आहे, भार सांभाळील.

त्या रविवारी ऊन चांगलं होतं. गादीवाल्यांची सीट त्यांनी स्वतःच कशीबशी शिवली होती, तीन आठवडे लागले होते. चौघांनी धरून त्यांना होडीत बसवलं. पुढे ते, मागे डोंगराएवढा पोस्टमन. बाईंनी पट्टा तपासला, "पाठ सरळ!" म्हणून ओरडल्या आणि दुसऱ्या होडीकडे धावल्या, तिथं कुणीतरी चपला पाण्यात टाकल्या होत्या.

फेरी वीस मिनिटांची. पण पोस्टमन आणि गादीवाले परत आले आणि धक्क्याला न लागता वळून पुन्हा पंपघराकडे गेले. बाईंना कळेपर्यंत होडी लांब. पुन्हा आले, पुन्हा वळले! धक्क्यावर माणसं खोळंबलेली, नर्स यादी घेऊन विचारतेय, आता कुणाला बसवू. तिसऱ्यांदा होडी समोर आली तेव्हा बाई कडेला जाऊन उभ्याच राहिल्या. गादीवाले वल्हवत होते. चेहरा लालबुंद, पण वल्हं पाण्यात जात होतं, येत होतं. बाईंना इतका आनंद झाला की तो दाखवायचा कसा ते सुचेना, म्हणून त्या रागावल्या. जोरात शिट्टी मारली. "वेळ संपली! हावरटासारखं काय चाललंय? उतरा, बाकीच्यांना बसू द्या!"

त्यांना उतरवलं. संध्याकाळी गादीवाले दमून झोपले. बाई पायाशी बसून म्हणाल्या, "बघितलंत? मी मागे असते तर झालं असतं का?"

"नसतं झालं," ते म्हणाले.

त्यानंतर आठ महिन्यांनी ते गेले. शेवटी श्वासच राहिला नाही. मधल्या काळात एकदा म्हणाले होते, "पुढच्या वर्षी बघ जमलं तर नियमाचं," आणि बाई म्हणाल्या होत्या, "बघू." बघू काय बघू! पुढचं वर्ष त्यांना नव्हतं हे दोघांनाही दिसत होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई एकच गोष्ट सांगायच्या. "हातात ताकद नव्हती हो, पण त्या रविवारी तीन फेऱ्या मारल्या. स्वतः. मलाच ओरडून उतरवावं लागलं." हे सांगताना त्यांचे डोळे कोरडे असायचे, मान ताठ. परगावी दिलेली लेक चार दिवस राहून गेली, तिला ही गोष्ट सात वेळा ऐकावी लागली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, बाईंची काडी ही होती. रात्री लाल पेनची ती रेघ आठवली की त्या स्वतःला सांगायच्या: पण वल्हवलं ना त्यांनी. मी बसले असते तर वल्हवलं नसतं.

लोकांना वाटलं, आता होडीचा रविवार काही होत नाही. बाई म्हणाल्या, होणार. सीटा शिवायला कुणी नव्हतं, जुन्याच दुरुस्त करून घेऊ. फॉर्म वाटले गेले.

त्यात एक नवीन जोडपं आलं. बेकरीवाले आजोबा आणि त्यांची बायको. आजोबांना वर्षापूर्वी झटका आला होता, उजवी बाजू गेलेली, आणि तोंडातून शब्द असे निघायचे की घरच्याशिवाय कुणाला उमगू नयेत. बायको एकटीच फॉर्म घेऊन शाळेच्या त्या खोलीत आली, जिथं बाई जोड्या लावत बसल्या होत्या. पोस्टमन कोपऱ्यात लाइफ जॅकेटचे बंद तपासत होता.

"बाई, एवढं आमचं ऐका. मी ह्यांच्या मागे बसते. ह्यांचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. पाण्यात घाबरले, काही हवं झालं, तर सांगणार कुणाला?"

"काकू, सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. "आणि मग मागून सगळं स्वतःच करतात. तुम्ही त्यांना वल्हवू देणार नाही."

"वल्हवलं नाही तर काय बिघडलं?"

"बिघडतं. माझंच सांगते. माझ्या नवऱ्याला हेच हवं होतं. मी नाही म्हटलं. आणि काय झालं? हात मेलेले, तरी त्या माणसानं तीन फेऱ्या स्वतः मारल्या. मी मागे असते तर…"

काकूंनी ऐकून घेतलं. फॉर्मची घडी केली, ती पिशवीत ठेवली आणि "बरं" म्हणून निघून गेल्या.

बाई पुन्हा यादीकडे वळल्या. कोपऱ्यात पोस्टमन हातात जॅकेट घेऊन तसाच उभा होता. एवढा वेळ हा माणूस गप्प राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "हे लोकांना सांगू नका आता."

"काय?"

"तीन फेऱ्यांचं. ते वल्हवत नव्हते, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंत ते मारलेले चार हात. तेवढेच." पोस्टमन एका लहानशा बाकावर कसाबसा बसला. "सगळी फेरी मीच ओढली. त्यांचं वल्हं मांडीवर आडवं होतं. हात वर होतच नव्हते. धक्का जवळ आला की म्हणायचे, थांब, आता मी. मग अंगाला झोका देऊन, दातओठ खाऊन, चार हात. पुढे गेलो की पडायचं वल्हं मांडीवर."

"तीन फेऱ्या…"

"पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही अजून कुणाच्या तरी चपला काढत होतात पाण्यातून. त्यांनी विचारलं, बघितलं का तिनं? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, लेका, पोस्टमन आहेस, खोटा पत्ता सांगू नकोस. वळव होडी. दुसऱ्यांदा आलो, तुम्ही यादीत डोकं घालून. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, दादा, दमलात, पुरे. म्हणाले, एकदाच आणखी. तिसऱ्यांदा तुम्ही बघितलंत."

"आणि मी ओरडले," बाई म्हणाल्या.

"हो. तेव्हा म्हणाले, बघितलं तिनं. चल आता."

"मला का नाही सांगितलंत? इतके महिने?"

"शपथ घातली होती. म्हणाले, तिचा नियम चांगला आहे, माझ्यापायी खोटा पडायला नको. आज तुम्ही त्या काकूंना दादांचंच नाव सांगून परत पाठवलंत, मग माझ्याच्यानं राहवेना. माझं चुकलं असेल तर दोन शिव्या घाला."

बाईंनी शिव्या घातल्या नाहीत. त्या उठल्या, खिडकी बंद केली, परत उघडली. त्यांना स्वतःचाच संताप आला होता. तीनदा त्या माणसानं आपल्यासमोरून होडी नेली. तीनदा! आणि आपण एकदा बघितलं, ते घड्याळ हातात धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बेकरीवाल्यांच्या घरी गेल्या. काकू दारातच आजोबांची दाढी करत होत्या. बाई चपलाही न काढता म्हणाल्या, "तुम्ही मागे बसा."

"आणि तुमचा नियम?"

"नियम चांगलाच आहे," बाई म्हणाल्या. "साडेआठला धक्क्यावर या. उशीर नको."

रविवार आला. झेरॉक्सवाला आला, आंधळी बहीण आली, पोस्टमनची बडबड सुरू झाली, कुणाची टोपी उडाली, लोक हसले. बेकरीवाले आजोबा पुढे बसले, काकू मागे. आणि व्हायचं तेच झालं. बाईंनी जे जे सांगितलं होतं ते तंतोतंत. काकूंनी एकटीनंच ओढायला सुरुवात केली. "अहो नीट बसा, इकडे झुकू नका, पाणी लागेल," अशी अखंड टकळी. आजोबांचं वल्हं एकदाही पाण्याला लागलं नाही. मधेच काकू वल्हं थांबवून पुढे वाकल्या, त्यांचं तोंड पुसलं, आणि होडी वाहवत काठाच्या गवतात जाऊन अडकली.

नर्स बाईंजवळ आली. "बाई, आजोबा काहीच करत नाहीयेत. पुढच्या फेरीला जोडी बदलू का?"

"राहू दे."

"पण तुम्हीच म्हणता ना…"

"राहू दे गं. बघू दे मला."

त्या बघत राहिल्या. यादी त्यांनी नर्सच्या हातात दिली आणि होडी गवतातून सुटून, पंपघराला वळसा घालून, परत येईपर्यंत तिच्यावरून नजर काढली नाही. मागे दोन-तीन जणांनी हाका मारल्या. त्यांना ऐकू आल्या नाहीत.

होडी आली तेव्हा ती धरायला बाई स्वतः पाण्यात उतरल्या, गुडघ्यापर्यंत, बुटांसकट. आजोबांचा अर्धा चेहरा हसत होता. त्यांनी बाईंकडे बघून काहीतरी म्हटलं, लांबलचक, सगळे शब्द एकमेकांत अडकलेले. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"हे विचारतायत," काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी बसता होडीत? कुणाबरोबर?"

"मी नाही बसत," बाई म्हणाल्या. "मला काठावर कामं असतात."

एवढं बोलल्या आणि तिथंच, पाण्यात उभ्या, सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडायला लागल्या. आजारपणात नाही, गेले त्या दिवशी नाही, तेव्हा नाही रडल्या त्या आत्ता. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं नाही. एका हातानं त्यांनी धक्क्याचा खांब धरला, होडी हलू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं बाईंचा दंड घट्ट धरून ठेवला.